छायाची खरी पत्रिका

मी छायाची जन्मपत्रिका बोलतेय. छाया आता नाही, म्हणून मला बोलावं लागतंय. ती असताना बोलायचं काम तिचं होतं आणि ते ती फार चांगलं करायची.

चिखली तालुक्यातल्या उंद्रीला, १९६१ साली, मी लिहिली गेले. भगवंतराव भाजीचा मळा करायचे. सोजराबाईंना पहिली मुलगी झाली, तेव्हा दुपारची जेवणं आटोपत आली होती. तेवढ्यावरून शंकरराव जोशांनी वेळ धरली, लांब पिवळट कागद घेतला, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि बोरूनं कुंडली मांडली. सातव्या घरापाशी त्यांचा हात थांबला. तिथं मंगळ होता. त्यांनी तो बारीक अक्षरात लिहिला, जणू बारीक लिहिल्यानं तो कमी होणार होता.

पुढची बावीस वर्षं मी पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली होते. छाया चिखलीच्या कॉलेजात जाऊ लागली, वह्यांमागून वह्या लिहू लागली आणि मला बाहेर काढायचे प्रसंग वाढले. भगवंतराव मला पिशवीत घालून स्थळाकडे न्यायचे. तिथे कोणीतरी मला उलगडायचं, सातव्या घरावर बोट ठेवायचं आणि चहा न संपवता मला गुंडाळून द्यायचं. असं सहा वेळा झालं. माणसं मुलगी न बघताच नाही म्हणायची.

सातव्या वेळी त्यांनी शंकररावांकडून दुसरी पत्रिका करून घेतली. तोच हात, तशीच शाई. फक्त जन्मवेळ दोन तासांनी सरकलेली. मंगळ सातव्यातून निघून बिनधोक घरात जाऊन बसला होता.

मोताळ्याकडचे पाहुणे आले. बैठकीत त्या दुसरीचं कौतुक चाललं होतं. सत्तावीस गुण जुळत होते. छाया पोह्यांच्या बशा ठेवून आत आली, पेटी उघडली, मला घेतलं आणि बाहेर जाऊन पाहुण्यांसमोर ठेवलं.

"हे माही खरी पत्रिका हाये," ती म्हणाली. "तुमच्या हातात हाये ते खोटी. मले मंगळ हाये. पाहून घ्या, अन् मंग काय ते ठरवा."

चौदा वर्षांचा शेखर, तिचा धाकटा भाऊ, दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

मुलाची आई उठली. "पोरगी खरं बोलली हो," ती सोजराबाईंना म्हणाली, "पण अशी खरं बोलणारी घरात कशी नांदवाव?"

पाहुणे गेल्यावर भगवंतरावांनी खोटी पत्रिका उचलून आत नेली. मी जमिनीवरच होते. "ते उचल," ते छायाला म्हणाले, "अन् तूबी जाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी बुलढाण्याला आलो.

तिथं तिनं केस कापले. शिकवण्या घेतल्या, छापखान्यात प्रुफं तपासली, विड्या ओढल्या. साइनबोर्ड रंगवणारे उत्तमराव तिच्या खोलीत राहायला आले. लग्न दोघांनीही केलं नाही. घरमालक बदलत गेले, खोल्या बदलत गेल्या. प्रत्येक खोलीत ती मला टेबलाच्या वर भिंतीवर चार टाचण्यांनी लावायची. मित्रमंडळी जमली की कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचं, "काय छायाबाई, मंगळ कसा आहे?" ती म्हणायची, "मजेत. भाडं मात्र देत नाई."

सगळे हसायचे. ते गेले की ती लिहायला बसायची. बायांच्या गोष्टी लिहायची, आपल्या वऱ्हाडीत, जशा त्या बोलतात तशा. तिचं एक पुस्तक छापून आलं. एक प्रत तिनं उंद्रीला पाठवली. पाकीट न फोडताच परत आलं. ते तिनंही फोडलं नाही, तसंच खणात ठेवलं.

एकदा सोजराबाई आल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगून आल्या होत्या. पिशवीत मेथी होती. उत्तमराव नमस्कार करून बाहेर निघून गेले. सोजराबाई खाटेच्या कडेला बसल्या, लेकीच्या कापलेल्या केसांकडे त्यांनी बघणं टाळलं आणि भिंतीकडे बघितलं.

"हे ते न? वाच बाई मले. काय लिहेल हाये त्यात?"

छायानं टाचण्या काढून मला मांडीवर घेतलं. सोजराबाईंना वाचता येत नव्हतं. आणि छाया वाचू लागली.

"नवव्या घरात गुरू हाये. हे पोरगी लई हिंडीन. इचं घर एका जागी राहनार नाई. पन इची माय इच्यावर कधी रागावनार नाई."

"असं लिहेल हाये?"

"हाव."

"शंकरराव जोशानं?"

"हाव, त्यानंच."

सोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मंग मी काऊन रागावू?" त्या म्हणाल्या. "आधीच लिहेल होतं न."

माझ्या अंगावर त्यातलं एक अक्षरही नव्हतं. माझ्या नवव्या घरात काहीच नव्हतं. छायानं शेकडो गोष्टी रचल्या असतील; ही मात्र तिच्या आईनं आणि मी, दोघींनीच ऐकली.

सोजराबाई पुन्हा आल्या नाहीत. त्या गेल्याचं छायाला तेराव्यानंतर, बाजारात भेटलेल्या गावच्या माणसाकडून कळलं. भगवंतराव गेले तेव्हा तेवढंही कळलं नाही.

उत्तमरावांचं काम छापील फलकांनी खाल्लं. ते सुरतेला गेले. आधी पत्रं आली, मग फोन, मग काही नाही. मित्रमंडळी म्हातारी झाली, मुलांकडे पुण्याला गेली. छाया चहा मात्र दोन कप टाकत राहिली आणि दुसरा थंड झाला की तोही पिऊन टाकायची. शेवटच्या वर्षांत ती माझ्याशी बोलायची. "काय गं," म्हणायची, "आज कोणीच नाई आलं." मी भिंतीवर होते. मला उत्तर देता येत नव्हतं.

गेल्या वर्षी माघात ती गेली. घरमालकिणीनं शेखरचा नंबर शोधून फोन केला. तो आला, त्यानं सगळं रीतीप्रमाणे केलं. पुस्तकं आणि वह्या रद्दीत गेल्या. मला मात्र त्यानं ओळखलं. गेलेल्या माणसाची पत्रिका नदीत सोडतात, म्हणून तो मला पैनगंगेवर घेऊन गेला.

नदीत पाणी नव्हतं. वाळू होती, आणि एका डबक्यात म्हशी बसल्या होत्या. मग त्यानं मला गाडीतल्या खणात ठेवलं, विम्याच्या कागदांवर. पुढे नदी भरली, गाडी पुलावरून कितीतरी वेळा गेली. थांबली नाही.

परवा खामगावच्या पेट्रोल पंपावर, रांगेत, त्याच्या मुलीनं चार्जरची वायर शोधायला खण उघडला. डिंपल तिचं नाव. एकवीस वर्षांची आहे.

"पप्पा, हे काय?"

"पत्रिका."

"छाया कोण?"

"माही बहीण."

"तुम्हाला बहीण होती?" डिंपल त्याच्याकडे वळली. "मला कोणी सांगितलंच नाही! कुठे होत्या त्या?"

"बुलढाण्याले."

"इतक्या जवळ? काय करायच्या?"

"लिहे."

"काय लिहायच्या?"

शेखरनं तिची एकही ओळ वाचलेली नव्हती. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, रांग पुढे सरकली, तो मात्र जागचा हलला नाही.

डिंपलनं मला गुंडाळलं नाही. ती वाट बघत होती.

शेखर, तिला सांग. गोष्टी माहीत नसतील तर नसू देत. ती बैठकीत कशी उभी राहिली ते तू दारातून बघितलं होतंस. तेवढं सांग. माझ्यात फक्त तिच्या जन्माची वेळ आहे, आणि तीही अंदाजानं धरलेली.