कॅल्क्युलेटर तुडवण्याची पद्धत

मी इंजिनिअर व्हावं म्हणून अनंतकाकांनी अमेरिकेतून ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर पाठवला. मी त्यात सापाचा गेम भरला आणि तीन वर्षांत दोन हजार एकशे चाळीस गुण केले. बाभुळगावात हा विक्रम आहे. असा दुसरा कॅल्क्युलेटरच नाही.

२००४ च्या खरिपात माझ्या वर्गातल्या संगीतानं तो मागून नेला. तिच्या बंजारा तांड्यातल्या पंचेचाळीस वावरांत तिनं बोंडअळीचे पतंग पकडणारे सापळे टांगले होते. रोज पतंग मोजायचे, आकडे कॅल्क्युलेटरमध्ये टाकायचे. ग्राफ चढला तर फवारणी, नाहीतर पंप खुंटीला. औषधवाला दर आठवड्याला फवारा म्हणायचा. तांडा मात्र संगीताच्या भरवशावर थांबला होता.

साठ दिवसांत मेमरी भरली. सत्तावीसशे आकडे झाले होते.

"जुने पुसून टाक," मी म्हणालो.

"अन लोकायले दाखवू काय? ग्राफचा मागचा डोंगर आपोआप उतरला, हे दिसते म्हणून ते थांबले. डोंगर पुसला तर उद्या सगळे पंप काढतीन."

आम्ही टीव्ही दुरुस्त करणाऱ्या देवीलालकडे गेलो. तो म्हणाला, माझ्याकडे जुन्या व्हिडिओ गेमची चिप आहे, बसवतो. आतले आकडे राहतील का, असं संगीतानं विचारलं.

"नव्या घरात जुनं सामान कायले?"

आम्ही तांड्यावर परत आलो. संगीताचे वडील, फुलसिंगकाका, बैलबंडीत उभे राहून कापूस तुडवत होते. त्यांनी वरूनच विचारलं, "भरला म्हणजे? तुडवला का?"

"काका, ती बंडी नाही."

"एका बंडीत दोन बंड्यांचा कापूस जाते. वर माणूस पाहिजे फक्त. एक आकडा केवढी जागा खाते?"

"नुसता तीन लिहा का चौदा अंकी आकडा लिहा, जागा तेवढीच," संगीता म्हणाली.

"म्हणजे तू एका बंडीत एकच बोंड नेऊन राह्यली."

संगीता बोटांवर मोजायला लागली. एका दिवसाचे पतंग दोन अंकांत मावतात. सात दिवसांचे अंक चौदा. अख्खा आठवडा एका आकड्यात.

फक्त ते तुडवणारा प्रोग्राम लिहायलाही जागा नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंदार, साप किती जागा खाते?"

"तो घरातला आहे."

"मंदार."

मी स्वतः पुसला. फुलसिंगकाकांनी फेटा काढून हातात धरला. थट्टेनं की मनापासून, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या जागेत संगीतानं प्रोग्राम लिहिला आणि दिवस मावळायच्या आत एकसष्टावा दिवस आत गेला. मागचे डोंगर जागच्या जागी होते. तीन वावरांची रेघ चढलेली, बाकी बेचाळीस शांत. लोकांनी स्क्रीन हातोहात फिरवला आणि तीनच पंप खुंटीवरून निघाले.

सकाळी संगीताच्या दारात रांग. यंत्रात जागा झाल्याची बातमी पसरली होती. पुढे बिजलीबाई. त्यांना म्हशीची विण्याची तारीख आत ठेवायची होती.

"बसते काय?" त्यांनी विचारलं.

"बसते," फुलसिंगकाका म्हणाले. "मंदार, चढ वर."