गार निघालेली भांडी

जगनशेठचं तेरावं उरकलं, घरात पुन्हा मटण शिजलं, आणि त्याच दिवशी डिशवॉशरचं पितळ उघडं पडलं. सून स्नेहलनं पंधरा ताटं मशीनमध्ये लावली होती. दोन तासांनी काढली, तर एकूण एक ताटावर चरबीचा पांढरा थर. दुसऱ्या दिवशी सकाळी निकेश नावाचा मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला.

चंद्रावती, जगनशेठची बायको, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. नवऱ्याची किडनी बदलून त्यांना घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की बारीकसा जंतूही यांना सोसणार नाही, भांडी कडकडीत पाण्यातूनच निघाली पाहिजेत. म्हणून न्यू पनवेलच्या या फ्लॅटमध्ये मशीन आलं. त्याच्या काचेवर पासष्ट अंशांचा आकडा उजळला की चंद्रावतीचा जीव भांड्यात पडायचा. तरी जगनशेठचं पोट बिघडलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत.

निकेशनं खालची पट्टी उघडली. हीटर तपासला, तो ठणठणीत होता. मग तळातून बोटाच्या पेराएवढा एक तुकडा बाहेर काढला.

"हा सेन्सर. पाणी किती तापलं ते हा मशीनला कळवतो," तो म्हणाला आणि त्यानं दोन वाट्या मागितल्या, एकीत माठातलं पाणी, दुसरीत कढत. सेन्सरला मीटर जोडून त्यानं तो आधी गार पाण्यात बुडवला. "हा आकडा तापमानाचा नाही, सेन्सरच्या रोधाचा. इथे तो मोठा यायला पाहिजे, गरम पाण्यात लहान."

गार पाण्यात लहानच आकडा आला. कढत पाण्यातही तोच. जागचा हलेना.

"म्हणजे पाणी गार असलं तरी हा तापलंय म्हणून सांगतो," निकेश म्हणाला. "मशीन त्याच्यावर भरवसा ठेवतं आणि हीटर लावतच नाही. पुरता गेला असता तर मशीन एरर दाखवून थांबलं असतं. हा अर्धवट बिघडलाय."

"पण काचेवर पासष्ट येतं ना," स्नेहल म्हणाली.

"ते आपण ठरवलेलं, वहिनी. तापलं किती, ते नाही दाखवत." त्यानं हात पुसले. "यात काकांचीच भांडी लावायचात म्हणता, आणि त्यांचं जेवण बिनतेलाचं असणार. तसली ताटं गार पाण्यानंही स्वच्छ दिसतात. पण भांडी काढायचं कोण? हाताला गार लागली नाहीत?"

स्नेहलनं सासूकडे पाहिलं.

भांडी मंगळी काढायची. कर्नाळ्याकडच्या वाडीतली कातकरीण, नऊ वर्षं या घरात राबलेली. गणपतीनंतर एकदा ती म्हणाली होती, "काकी, भांडी गार निगतात. पयली हाताला चटके बसायचे." चंद्रावतीला वाटलं, मशीननं काम निम्मं केलं म्हणून हिच्या पोटात दुखतंय. दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याचं पोट दुसऱ्यांदा बिघडलं, तेव्हा तिनं चारचौघांत मंगळीला सुनावलं, "तुजे हात लागतात भांड्यांना, म्हनून व्हतंय हे. उद्यापासून येव नको." हात म्हणजे कातकरणीचे हात, हे दोघींनाही कळलं होतं. नवंकोरं मशीन खोटं बोलेल हे चंद्रावतीच्या मनाला शिवलं नाही. मंगळी खोटं बोलेल हे मात्र लगेच पटलं.

"यानंच गेले का रं ते?" तिनं निकेशला विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, मावशी. पाणी तापत नव्हतं, एवढं खरं."

चंद्रावती त्याच दुपारी रिक्षा करून वाडीवर गेली. मंगळीचं दार बंद होतं. शेजारीण म्हणाली, घरकाम सुटलं तशी दोघं नवराबायको पळस्प्याच्या पुढं वीटभट्टीवर गेली, आता पावसाच्या तोंडावरच येतील. चंद्रावतीनं रिक्षा तशीच भट्टीकडे वळवली. चूक मशीनची होती, परत ये. एवढंच बोलायचं तिनं वाटेत ठरवून टाकलं.

मंगळी कोपरापर्यंत चिखलात होती. मालकीण दिसताच तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"भांडी गारच निगत व्हती, मंगळी," चंद्रावती घाईनं म्हणाली. "मशीन बिगडलेली. तू खरं सांगत व्हतीस."

मंगळीचं तिकडं लक्षच नव्हतं. ती चंद्रावतीच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती.

"काका कदी गेले?"

"पौषात."

"मना कोनी सांगितला नाय." मंगळीचा आवाज फाटला. "वाडीवर निरोप धाडला असता तं भट्टीवरून पायी आली असती, काकी. नऊ वर्सं त्यांचा ताट मी उचलला. येकदा बगू तरी द्यायचा."

जगनशेठ गेले त्या दिवशी स्नेहल दोनदा म्हणाली होती, मंगळीला कळवूया. आता सुनेला विसर पडला म्हणावं, गडबडीत राहून गेलं म्हणावं. सगळं चंद्रावतीच्या ओठांवर आलं.

"तुला सांगू नको म्हनून मीच बजावला व्हता," ती म्हणाली. "तुजी सावली नको व्हती मला मयताला."

मंगळीनं तिला दोष दिला नाही की शिवी दिली नाही. ती तिथंच चिखलात बसली आणि जगनकाकांसाठी मोठ्यानं रडू लागली. चंद्रावती उभीच राहिली. तिच्याजवळ जाऊन बसायचा आपल्याला हक्क उरलाय का, हे तिला कळेना.