मुटकुळ्याचे नाव

संग्रहालयाच्या मागच्या दालनात, जिथे स्पिरिटचा वास भिंतींच्या रंगात कायमचा मुरला होता, तिथे मामांचे अवघे आयुष्य गेले. छताला टेकलेल्या मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीत एखादा सागरी जीव, फिकट, निश्चल, ध्यानस्थ बसल्यासारखा. बरणी पुसावी, उडून गेलेले स्पिरिट भरावे, नव्याने आलेला जीव कोणत्या कुळातला ते ओळखून त्याला त्याच्या भाऊबंदांत नेऊन बसवावे, हा त्यांचा नित्यनेम. बोटे सदैव ओली असल्यामुळे नाकावरून घसरलेला चष्मा ते मनगटाच्या मागच्या बाजूने वर सारीत. ही लकब इतकी अंगवळणी पडली होती की घरी वर्तमानपत्र वाचतानाही, हात कोरडे ठणठणीत असताना, चष्म्याला मनगटच लागे.

"बोटं काय शोभेला दिलीत का हो तुम्हाला?" मामी विचारीत.

ते मामा होते केवळ एका भाचीचे. परंतु तिने लहानपणी शाळा सुटल्यानंतरच्या इतक्या दुपारी त्या दालनात काढल्या होत्या, की तिच्या तोंडची हाक सगळ्यांनीच उचलली, आणि रखवालदारापासून संचालकांपर्यंत सारे त्यांना मामाच म्हणू लागले. बरण्यांमधून हिंडताना ती त्या जीवांना आपल्या मनाची नावे देई. शिंगाळ्या, झिपरी, आजोबा. खिडकीशेजारच्या बरणीत राखी रंगाचा, अक्रोडाएवढा, अंग चोरून बसलेला एक जीव होता. त्याला ती मुटकुळे म्हणे.

एकदा बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांतली शास्त्रीय नावे वाचून तिने विचारले होते, "मामा, हा एका डॉक्टरच्या नावाचा, तो एका कप्तानाच्या नावाचा. यातला तुझ्या नावाचा कोणता?"

"माझ्या नावाचा नाही गं कुठला. मी नुसता सांभाळतो."

उत्तर साधे होते. पण त्या पोरीच्या मनाला ते कुठेतरी जाऊन टोचले असावे.

भाची मोठी झाली आणि बरण्यांना पाठ दाखवून सरळ पाण्यात शिरली. पाठीवर हवेची टाकी बांधून शिकाऊ मंडळींना समुद्राच्या तळाशी न्यायचे आणि सुखरूप वर आणायचे, हा तिचा व्यवसाय झाला. मामांचे कान बालपणीच दुखावलेले. डोके पाण्याखाली घालायला वैद्यांची मनाई. सागरी जीवांच्या सहवासात जन्म काढलेल्या या गृहस्थाने समुद्र पाहिला तो काठावरूनच. मामी भाचीला मासोळी म्हणत आणि नवऱ्याला काहीच म्हणत नसत, नुसत्या हसत.

मामांची निवृत्ती जवळ आलेली असताना मासोळी एका सकाळी केस निथळत असतानाच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"मामा, चहा नंतर. आधी हा कोण ते सांग."

तिने फोन पुढे केला. काळ्या खडकाच्या पायथ्याशी तळहाताएवढा एक जीव पसरला होता. अंग पिकल्या संत्र्यासारखे, कडेने जांभळी झालर, आणि पाठीवर पांढऱ्याशुभ्र कल्ल्यांचे उमललेले फूल. मामांनी चष्मा मनगटाने वर सारला. फोटो लहान करून पाहिला, मोठा करून पाहिला.

"सागरी गोगलगाय आहे. बिनशंखाची," ते म्हणाले.

"तेवढं मलाही कळतं रे. पण कुठली?"

त्या दिवशी आणि पुढचे अनेक दिवस त्यांनी जाडजूड ग्रंथांतली चित्रे चाळली, मांडणीवरच्या बरण्या एकेक करून उजेडात धरल्या. असा संत्रा-जांभळा जीव कुठेही सापडला नाही. अखेर त्यांनी भाचीला फोन करून आपल्या कारकिर्दीत फारसे न उच्चारलेले वाक्य उच्चारले.

"मी याला ओळखत नाही."

"म्हणजे नवा?" पलीकडे ती जवळजवळ किंचाळली.

"म्हणजे मी ओळखत नाही. नवा असणं आणि मी न ओळखणं, यात बरंच पाणी आहे."

"ते राहू दे. नवा निघाला तर शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं, हे तूच मला शिकवलंयस. मी तुझं देणार. ठरलं!"

शेजारून फोनला कान लावून बसलेल्या मामींनी लगेच आपला अभिप्राय नोंदवला. "अगोबाई! मामांची गोगलगाय! नाव शोभतंय हो. यांना आंघोळीला उठवायचं म्हणजे अशीच अर्धी सकाळ जाते."

मामांनी वरवर हात झटकला. पण माणसाचे मन मोठे लबाड असते. त्या संध्याकाळी न्हाणीघराच्या बंद दाराआड ते आपल्या आडनावाला लॅटिन प्रत्यय जोडून हलक्या आवाजात म्हणून पाहत होते, आणि ते कानाला किती गोड लागते याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या नावांच्या बरण्या पुसल्या. आता जाता जाता एका बरणीवर आपले नाव असावे, ही इच्छा इतकी वर्षे मनात दडी मारून बसली होती, हे त्यांना त्या न्हाणीघरात कळले.

परगावच्या विद्यापीठात या गोगलगायींच्या अभ्यासक असलेल्या एक बाई होत्या. फोटो पाहून त्याही चकित झाल्या. त्यांनी मामांकडे एवढेच मागितले, की "आमच्या संग्रहातल्या कोणत्याही जीवाशी हा जुळत नाही," असे त्यांनी आपल्या शब्दावर कळवावे. पुढचे त्या पाहणार होत्या. मामांच्या शब्दाला त्या क्षेत्रात तेवढे वजन होते. सोमवारी कळवायचे ठरले.

रविवारी मासोळी न्याहारीला आली. तिचे पाय जमिनीवर नव्हते. चहाचे कप भरले गेले, आणि मामांनी, केवळ प्राण्याच्या गोष्टी ऐकण्याच्या आवडीने, विचारले, "चालतो कसा गं तो?"

"थांब, दाखवते. रुमाल दे."

मामांचा चौकडीचा रुमाल तिने हातावर पसरला, त्याची कड बोटांनी लहरत लहरत टेबलावरून पुढे नेली. मधोमध खालून बोट वर काढून कल्ल्यांचे फूल केले. मामी कौतुकाने पाहत राहिल्या.

"आणि घाबरला की?" मामांनी विचारले.

"माझा दिवा फार जवळ गेला ना, तेव्हा घाबरला होता बिचारा. आधी फूल आत." तिने बोट खाली ओढले. "मग झालर आत. चारी बाजूंनी, अशी चुणी पडत पडत. आणि मग हे एवढंसं." तिने सारा रुमाल मुठीत आवळला आणि अलगद बशीशेजारी ठेवला.

टेबलावर रुमालाचा एक गच्च गोळा उरला. वरच्या बाजूला, जिथून बोट काढून घेतले होते, तिथे एक बारीक खळगी.

मामांचा कप ओठांपाशी थबकला.

खिडकीशेजारची बरणी. अक्रोडाएवढा, राखी, अंग चोरून बसलेला जीव, आणि त्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढी खळगी. जन्मभर पाहिलेले ते रूप रुमाल होऊन त्यांच्यासमोर बसले होते. स्पिरिटमध्ये रंग विरघळून जातो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही बरण्या धुंडाळताना ते रंगच शोधत होते, पसरलेली झालरच शोधत होते. मुटकुळ्यावरून त्यांची नजर कितीदा तरी घसरून पुढे गेली होती.

आणि हे आता केवळ त्यांनाच कळले होते. भाचीला रुमाल दिसत होता, मामींना रुमालावरचा डाग. विद्यापीठातल्या बाई तर त्यांच्या शब्दावर विसंबून होत्या. मनात आले, उद्या एक वाक्य कळवायचे आहे, बस्स. त्यात खोटे तरी काय? खरोखरच तो जीव या फोटोसारखा दिसत नाही. न्हाणीघरातले ते गोड नाव जिभेवर पुन्हा येऊन बसले. समोर भाचीचा चेहरा दिव्यासारखा उजळलेला.

"अहो, कपात काय बघताय? तिथंही गोगलगाय निघाली का?" मामी म्हणाल्या.

मामांनी कप खाली ठेवला. "मासोळे, चप्पल घाल. संग्रहालयात जाऊ."

"आज रविवार आहे, मामा!"

"मुटकुळ्याला कुठला आलाय रविवार?"

दालनात शिरल्यावर मामांनी ती बरणी उतरवली. चिमट्याने जीव अलगद उचलला, जणू निजलेले मूल पाळण्यातून घ्यावे, आणि काचेच्या तबकात ठेवून वर भिंग धरले.

"पाठीवरची खळगी बघ. तिची कड कशी आहे?"

भाचीने भिंगाला डोळा लावला. "कातरलेली आहे. फुलासारखी. सहा पाकळ्या."

"आता फोनमधला तुझा तो फोटो उघड. कल्ल्यांच्या बुडाशी."

तिने फोटो मोठा केला. पांढऱ्या फुलाच्या बुडाशी, सहा पाकळ्यांची एक नाजूक कड. ती पाहतच राहिली. मग तिने फोन पालथा ठेवला.

"याला नाव आहे?" तिने विचारले.

"आहे. एका गलबतावरच्या डॉक्टरचं. माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीचं. बरणीतला जीव बघूनच त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. जिवंतपणी कसा दिसतो ते कुणी लिहिलेलंच नाही."

"तू गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं का रे?"

"कुणालाही नाही," मामा म्हणाले. "पण याची बरणी मलाच पुसायची असते ना गं."

भाचीने रिकाम्या बरणीच्या काचेवरून बोट फिरवले. "मला तुला काहीतरी द्यायचं होतं. लहानपणापासून."

मामांनी मुटकुळ्याला परत स्पिरिटमध्ये सोडले. तो इवलासा जीव हळूच तळाशी जाऊन बसला. "अगं, इतकी वर्षं मी याला बघतोय, ते सगळं घाबरलेलंच. हे मोकळं असलं की असं दिसतं, संत्र्यासारखं, झालरीचं, हे मला तू सांगितलंस. आणि मोठी आलीये मला काहीतरी द्यायला!" त्यांनी तिला टपली मारली, स्पिरिटने ओला झालेला हात तिच्या केसांना लागला. "आता मला नीट रंग सांग. जांभळी म्हणजे कशी जांभळी?"

तिने सांगितले, पण पडलेल्या आवाजात. सोमवारी मामांनी विद्यापीठात कळवले, की जीव जुना आहे, रंग मात्र नवा कळला. बाईंनी भाचीचे तोंड भरून कौतुक केले. पण भाचीचा फोन येईना. मामा दिवसातून कितीदा तरी फोन हातात घेऊन ठेवून देत.

"रुसली असेल का गं?" त्यांनी मामींना विचारले.

"तुमचीच भाची. कवचात गेली असेल. येईल बाहेर."

आणि एका दुपारी ती आलीच, फोनवर. "मामा, धक्क्यावर ये. मामीलाही आण. पाण्यात ढकलत नाही, घाबरू नकोस."

धक्क्यावर दोरखंडांचा आणि ओल्या रबराचा वास होता. भाचीची नाव किनाऱ्यापासून जरा आत थांबली होती. नावेवर म्हातारा नावाडी कठड्याला रेलून पाण्याकडे पाहत होता. भाची धक्क्यावर पाय सोडून बसली होती. तिची मदतनीस शिकाऊ मंडळींना खाली घेऊन गेली होती.

थोड्याच वेळात बुडबुडे आले आणि एक दाढीवाला गृहस्थ वर आला. त्याने भाचीकडे पाहिले, उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूने मास्क वर सारल्यासारखे केले, मग बोटाने खाली दाखवले, आणि पुन्हा मनगट. त्याच्यामागून एक तरुणी वर आली. तिनेही तेच केले आणि दोन्ही हात उंचावून पाण्यातच नाचू लागली. मग एकेक करून बाकीची मंडळीही वर आली.

मामा काळजीत पडले. "त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतंय का गं? पट्टे ढिले आहेत वाटतं."

भाचीला हसू आवरेना. "मामा, खाली बोलता येत नाही. मग प्रत्येक प्राण्याला आमची हाताची खूण असते. शार्क दिसला की तळहात असा उभा डोक्यावर. कासव दिसलं की हातावर हात, आणि अंगठे हलवायचे. तुझ्या मुटकुळ्याला खूणच नव्हती. ते कुणी ओळखतच नव्हतं ना. आमच्यात पद्धत अशी, की पहिल्यांदा दाखवेल त्यानं खूण द्यायची." ती थांबली. "मी दिली."

मामींना मामांच्या आधी उमगले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पलीकडच्या दोन होड्यांवरचे लोकही आता तीच करतात," भाची म्हणाली. "कागदावर डॉक्टरचं नाव राहू दे. माझी काही तक्रार नाही."

वारा खारट होता, काचा धूसर झाल्या होत्या, आणि मामांचा चष्मा नाकावरून घसरत पार शेंड्यावर आला होता. त्यांनी, रोजच्याप्रमाणे, मनगटाच्या मागच्या बाजूने तो वर सारला.

"कुठं?" नावेतून नावाडी ओरडला. "मामा, कुठं दिसलं?"

आणि पाण्यातली सगळी डोकी एकदम खाली वळली.