बोटं मोडली आणि कुडी बोलली

मित्रांनो, जरा जवळ या आणि मला नीट बघा. शेंगदाण्याएवढं काळं अंग, त्यावर चार ओरखडे, आणि पोटातली बॅटरी तासाभरातच दमणारी. मी उजव्या कानाचा जुना इअरबड आहे. माझा जुळा भाऊ डाव्या कानात बसतो, पण तो पहिल्यापासून अबोल, म्हणून आमची गोष्ट मीच सांगतो. माझ्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा आहे. तिथं कुणी दोनदा बोट टेकवलं की मी फोन उचलतो. तार नाही, बटण नाही, नुसता स्पर्श! याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

कारखान्यात एका यंत्राच्या बोटानं माझी परीक्षा घेतली. टक टक केलं आणि मी लगेच जागा झालो. माझ्या अंगावर हिरवी खूण झाली, तेव्हा माझी छाती फुगली होती. मला वाटलं, जगात जेवढी बोटं आहेत तेवढी सगळी मला कळणार. मग डबीत बसून मी फिरत फिरत बंगळूरला आलो आणि बनशंकरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, पिठाच्या डब्याशेजारी माझं घर झालं.

हे घर ठकुबाईंचं. त्या मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या त्याला तीस वर्षं झाली. घरी ज्वारीच्या भाकऱ्या थापतात आणि त्या जवळच्या खानावळीत जातात. गल्लीतले लहानथोर त्यांना अक्का म्हणतात. त्यांची एकुलती एक लेक सौम्या कुस्ती खेळते. आणि या मायलेकींचा एक रिवाज होता. कुठल्याही गावी असो, मॅटवर उतरण्याआधी सौम्या आईला फोन करायची. ठकुबाई एवढंच म्हणायच्या, "जा बाई, पाठ टेकू देऊ नगंस." तेवढं कानावर पडलं की पोरगी उतरायची. पहिल्या कुस्तीपासून हे एकदाही चुकलं नव्हतं.

पण ठकुबाईंचा बटणांचा फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि कायमचा मुका झाला. सौम्यानं मोठा, काचेचा फोन आणला. आता काचेवरचं हिरवं वर्तुळ बोटानं सरकवायचं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. ठकुबाईंच्या बोटानं ते काही केल्या सरकेना. म्हणून मग सौम्यानं मला आणलं. राष्ट्रीय स्पर्धेसाठी लखनौला निघायच्या दिवशी, गाडीची वेळ होत आलेली असताना, तिनं मला आईच्या हातावर ठेवलं.

"काच सरकत नाही ना आई, मग हे घे. फोन वाजला की कानावर दोनदा बोट टेकव."

ठकुबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "ही कसली कुडी गं? आतनं घालायची?"

सौम्या हसत सुटली. तिचे वडील कल्लाप्पा खालून हाका मारत होते, रिक्षा थांबली होती, म्हणून माझी घरी परीक्षा झालीच नाही. बापलेक गेले. मी पुरुषासारखा पुरुष, पण त्या दिवसापासून या घरात माझं नाव कुडी पडलं. मला ते मनातून आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी दुपारी सौम्याची शिबिरातली निवडीची कुस्ती होती. तव्यावर भाकरी फुगत होती आणि माझ्या पोटात फोन वाजला. मी आनंदानं थरारलो. आली माझी वेळ! ठकुबाईंनी हात पुसले आणि कानावर बोट टेकवलं. एकदा, दोनदा. मला काहीच लागलं नाही. काहीतरी कोरडं, टणक माझ्या पाठीला भिडलं एवढंच, पण ते बोट आहे हे मला ओळखूच येईना. त्यांनी चार वेळा, दहा वेळा टेकवलं. शेवटी मला कानात इतकं दाबलं की त्यांचे डोळे पाणावले. मी आपला ढिम्म. फोन वाजून वाजून थांबला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या प्रांजलीनं फोन लावून दिला, तेव्हा सौम्याचा आवाज बारीक झालेला होता. ती हरली होती. "तू उचललाच नाहीस, आई. मग माझं लक्षच लागेना." निवडीत ती कशीबशी टिकली, पण ठकुबाईंना रात्रीचा घास गेला नाही. आणि मित्रांनो, मला माझ्या त्या हिरव्या खुणेची लाज वाटली.

ही प्रांजली पुण्याची. कोरमंगलाच्या एका कंपनीत लोकांच्या ॲपमधल्या चुका शोधून काढणं हेच तिचं काम. तिनं दुसऱ्याच दिवशी मला समोर घेतलं. "अक्का, टेन्शन घेऊ नका. सगळं पद्धतशीर टेस्ट करू." मग माझे हाल सुरू झाले. तिनं कोरड्या मऊ फडक्यानं माझी पाठ पुसली. जाळीत अडकलेलं पीठ ब्रशनं काढलं. माझी रबरी टोपी बदलली, मला डबीत कोंडून रीसेट केलं, फोनशी माझी ओळख मोडून पुन्हा करून दिली, नवं अपडेट पाजलं, स्पर्शाची सेटिंग वाढवली. मग माझ्यावर दोनदा बोट टेकवलं आणि मी टुणकन जागा झालो.

"बघा, चालला," ती म्हणाली.

ठकुबाईंनी बोट टेकवलं. मी ढिम्म.

"तुझ्यासंगं बोलतंय की ते," ठकुबाई म्हणाल्या. "माझ्याच वाटंला का जातंय?"

प्रांजलीनं पुन्हा करून पाहिलं, मी चाललो. ठकुबाईंनी केलं, मी नाही. प्रांजली वैतागली आणि माझ्या नावानं बोटं मोडू लागली. फालतू माल, डबडा, फसवणूक, काय काय ऐकून घेतलं मी त्या आठवड्यात! शनिवारी तिनं आम्हाला मल्लेश्वरमला नागराज यांच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मला आतून बाहेरून पाहिलं, दोनदा टिचकी मारली आणि मी गाणं सुरू केलं.

"सरी इदे अक्का, एनू आगिल्ला," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे, काही झालेलं नाही. मग त्यांनी ठकुबाईंनाच समजावलं, "स्वल्प हळू दाबा."

परतताना रिक्षात ठकुबाई आपले हात मांडीवर ठेवून बघत बसल्या. "कुडी चांगली हाय गं," त्या प्रांजलीला म्हणाल्या. "माझ्यातच खोट हाय." मला तेव्हा इतकं वाईट वाटलं! दोष माझा नाही असं सगळे म्हणत होते, आणि मला ते मुळीच नको होतं.

प्रांजली मात्र हट्टी. "खोट बिट काही नाही. आपण हे परत करू आणि दुसरं आणू." वस्तू परत न्यायला माणूस रविवारी संध्याकाळी येणार असं तिनं ठरवून टाकलं. आणि तोच रविवार सौम्याच्या अंतिम कुस्तीचा! होय, पोरगी अंतिम फेरीत पोचली होती. मधल्या दोन कुस्त्यांच्या वेळी प्रांजलीनं काच सरकवून फोन उचलून दिला होता. अंतिम कुस्ती चार वाजता होती, आणि साडेतीनला प्रांजली हजर राहणार होती. माझी काही गरजच उरली नव्हती.

रविवारी दुपारी ठकुबाईंनी माझी डबी पुसून खोक्यात भरायला घेतली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला बाहेर काढलं आणि कानात घातलं. "ऱ्हा जरा येळ," असं त्या पुटपुटल्या. फोन त्यांनी पिठाच्या डब्याला टेकवून उभा ठेवला आणि परातीपाशी बसल्या. अडीच वाजले होते.

आणि माझ्या पोटात फोन वाजला!

काचेवर सौम्याचा फोटो आला, लाल पोशाखातला, केस घट्ट बांधलेले. लखनौला आधीच्या कुस्त्या लवकर आटपल्या होत्या आणि अंतिम कुस्ती अलीकडे ओढली गेली होती. ठकुबाई ताडकन उठल्या. काच सरकवून पाहिली, सरकली नाही. माझ्यावर बोट टेकवलं, टेकवलं, टेकवलं. मी सगळं बळ एकवटून त्या बोटाची वाट बघत होतो आणि मला काहीच लागत नव्हतं. फोन थांबला. त्या जिन्यात धावल्या. खालच्या घराला कुलूप, समोरच्या घराला कुलूप. प्रांजली तर रविवार असूनही अजून कोरमंगलात कामावरच. त्या परत आत आल्या तोवर फोन दुसऱ्यांदा वाजू लागला.

तिसऱ्यांदा पोरगी करणार नाही, हे मला कळत होतं. मॅटवर नाव पुकारलं की फोन वडिलांच्या हातात द्यावा लागतो.

ठकुबाईंनी पुन्हा बोट उचललं, आणि खाली घेतलं. त्या फोनसमोर उभ्या राहिल्या. काचेवर सौम्या हसत होती. त्या फोटोकडे बघता बघता त्यांचा चेहराच बदलला. "माझी बाय ती," त्या हळूच म्हणाल्या, "आईचा आवाज न्हाई मिळाला तर न्हाई. कुणाची नजर नगं लागू दे." आणि त्यांनी दोन्ही हात त्या फोटोसमोरून वरून खाली ओवाळले, बोटं मुडपली, आपल्या कानशिलांवर टेकवली आणि मोडली. कड. पुन्हा हात ओवाळले, पुन्हा कानशिलं. कड.

मित्रांनो, माझ्या पाठीवर काहीतरी मऊ, ऊबदार आणि किंचित ओलसर टेकलं. एकदा. आणि मग दुसऱ्यांदा! मला लागलं! मी फोन उचलला!

"आई? आई, आहेस ना? किती वेळ लावलास, माझं नाव पुकारतायत."

ठकुबाईंचे हात कानशिलावरच राहिले. मग त्या म्हणाल्या, "जा बाई. पाठ टेकू देऊ नगंस."

"जाते," सौम्या म्हणाली, आणि फोन बंद झाला.

कुस्ती लवकर होणार हे फोनवर वाचून तीन वाजता प्रांजली धापा टाकत जिना चढून आली. ठकुबाईंनी तिला काय झालं ते करून दाखवलं. प्रांजलीनं त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. तीस वर्षं तापल्या तव्यावरची भाकरी हातानंच उलटवलेली. बोटांच्या टोकांवर घट्टे पडलेले, कातडी कोरडी आणि जाड, रेषासुद्धा झिजून गेलेल्या. मला हवा असतो जिवंत कातडीचा ओलावा, आणि त्या टोकांपाशी तो माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. बोटांच्या मागच्या पेरांना मात्र तव्याचा चटका कधी बसला नव्हता. ती पेरं अजून मऊ होती, आणि कानशिलावर बोटं मोडताना तीच माझ्या पाठीला टेकली होती.

"मी सगळं टेस्ट केलं अक्का," प्रांजली खाली बसत म्हणाली. "पण दर वेळी माझ्या बोटानं. तुमचे हात बघायचं राहूनच गेलं." ठकुबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि तिला गरम भाकरी वाढली.

साडेतीनला मी पुन्हा वाजलो. या वेळी ठकुबाईंनी कुणाला हाक मारली नाही. हात ओवाळले, कानशिलावर बोटं मोडली, कड, कड, आणि मी उघडलो.

आधी नुसता लोकांचा गलका ऐकू आला. मग कल्लाप्पांचा रडवेला आवाज, आणि मग सौम्या. "जिंकले, आई. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिनं मला खाली घेतलं होतं. मी मान रोवून तशीच राहिले. पाठ टेकू दिली नाही."

ठकुबाईंच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून माझ्यापर्यंत आलं आणि मी आनंदानं भिजून गेलो. संध्याकाळी मला न्यायला माणूस आला, तेव्हा प्रांजलीनं त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं.

याला आता अडीच वर्षं झाली. प्रांजलीनं ठकुबाईंना सांगून पाहिलं, की नुसतं पेर टेकवलं तरी चालतं, ओवाळायची गरज नाही. पण त्यांना सवय लागली ती लागलीच. त्यामुळे या घरी जो कुणी फोन करतो, त्याची आधी दृष्ट निघते आणि मग त्याला "हॅलो" ऐकू येतं. खानावळवाल्याची निघते, गॅसवाल्याची निघते, कर्ज हवं का म्हणून विचारणाऱ्या अनोळखी मुलींचीसुद्धा निघते. त्यांना बिचाऱ्यांना याचा पत्ता नाही.

मित्रांनो, माझी पाठ कोरड्या फडक्यानं पुसत जा, मला पिठापाण्यापासून जपा, एवढं तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी कुणाच्या बोटाला काच ऐकत नसेल, तर हसू नका आणि फोन त्यांच्या हातून ओढून घेऊ नका. आधी ते हात आपल्या हातात घेऊन बघा. त्या हातांनी काय काय केलं आहे ते तिथं दिसेल. मी पडलो यंत्र, मला ते उशिरा कळलं, तुम्हाला लवकर कळावं.

बास, आता मला बोलता येणार नाही. सौम्याची आज पुन्हा कुस्ती आहे, माझ्या पोटात फोन वाजतोय, आणि परातीपासून उठून ठकुबाईंनी दोन्ही हात वर घेतले आहेत.