आतला पास

मला आतल्या खोलीतून बाहेर काढलं त्याला आज चाळीस दिवस झाले. चोरी केली नाही, गुपित फोडलं नाही, एकही यंत्र चुकीचं जुळवलं नाही. माझा गुन्हा एवढाच की मी फॉर्म खरा भरला.

विमानांची उंची दाखवणारी यंत्रं तपासायची आणि जुळवायची, हे माझं काम. त्या खोलीत जायला पास लागतो, आणि दर पाच वर्षांनी पासासाठी चौकशीचा फॉर्म भरावा लागतो. कर्ज किती, कोर्टकचेरी काय, औषधं कसली. साठ दिवसांत समिती निकाल देते. पास गेला तर नोकरीही गेली. निकाल लागेतोवर बाहेरच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसा. अकरा वर्षं काट्याचा केसाएवढा फरक पकडणारी मी आता डिंकाने हात बरबटून घेते.

आमच्या खोलीची एक शिस्त आहे. मला काम शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरी, दोष दिसला की ताबडतोब नोंद. आपला असो नाहीतर दुसऱ्याचा. तारीख, वेळ, सही." ते हाडीमांसी भिनलं. म्हणून फॉर्मातही मी सगळं लिहिलं. नवऱ्याने माझी सही घेऊन काढलेलं कर्ज आणि चुकलेले तीन हप्ते. त्याने हात उचलला म्हणून मी केलेली पोलीस तक्रार, मग घटस्फोटाचा खटला. नंतर चार महिने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या. जागा पुरेना, तेव्हा पुरवणी जोडली.

आई म्हणाली, "अगं, विचारलं तेवढंच सांगावं माणसाने."

"विचारलंच होतं ना!"

आत माझ्या शेजारच्या टेबलावर 'चकाचक' बसतो. शर्टाला कधी सुरकुती नाही, म्हणून हे नाव. अर्ध्या कारखान्याकडून उसने पैसे घेऊन पत्त्यांत उडवलेत, वसुलीवाले फाटकाशी येऊन उभे राहतात. त्याच्या फॉर्मात प्रत्येक रकान्यात 'नाही'. त्याला चार दिवसांत पास! वर मलाच म्हणतो, "ताई, जरा सांभाळून राहायचं असतं." मेला नाकाने कांदे सोलतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मार मी खाल्ला, कर्ज मी फेडतेय आणि संशयही माझ्यावरच.

आज चौकशीच्या साहेबांनी बोलावलं. समोर माझी फाइल उघडी होती.

"तुमच्यासारख्या अडचणीतल्या माणसावर दबाव येऊ शकतो, मॅडम. कोणी कर्ज फेडतो म्हणेल, कोणी जुनी प्रकरणं बाहेर काढतो म्हणेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाहेर काय काढणार, साहेब? सगळं तुमच्या टेबलावर आहे! हप्तेही आता वेळेवर जातात, पावत्या लावल्यात. घाबरायचं तर ज्याने 'नाही' लिहिलंय त्याने घाबरावं."

ते मऊ हसले. ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला.

"मी काही वाईट माणूस नाही. पुन्हा भरा. तक्रार, हप्ते, गोळ्या, सगळं गाळा. जुना मी फाडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी आत बसाल."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. माझं टेबल दिसलं, त्यावरचा दिवा दिसला. पेन पहिल्या रकान्याशी गेलंसुद्धा. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवर मला दाबायला कोणाकडे काही नव्हतं. हा कागद तसा भरला असता तर असतं, आणि ते ह्याच माणसाकडे असतं.

मी सगळं पुन्हा लिहिलं, जसंच्या तसं. पुरवणीच्या दोन प्रती केल्या आणि खाली एक नवी नोंद घातली. 'आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, चौकशी अधिकाऱ्यांनी मला वरील माहिती गाळून फॉर्म भरायला सांगितलं. मी नकार दिला.' सही.

साहेबांनी वाचलं. चेहरा उतरला. उठून आधी दार लावून आले.

"हे कशाला लिहिलंत?"

"दोष दिसला की नोंद. आमची शिस्त आहे."

"मॅडम, समितीने हे वाचलं तर माझी नोकरी जाईल. मलाही घरदार आहे." आवाज अगदी खाली आला होता. "ही ओळ काढा. उद्याच तुमचा पास करून देतो."

मला हसू आलं, आणि रागाने डोळ्यांत पाणीही. चाळीस दिवस ह्या माणसाने मला दबावाखाली येणारी बाई ठरवून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं होतं.

"साहेब, एका ओळीच्या दबावाखाली तुम्ही पास विकायला निघालात," मी म्हटलं. "आता चौकशीचा फॉर्म तुम्हीच भरा."

मी दुसरी प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

"ह्या प्रतीवर पोच द्या," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला. तारीख पुसट उमटली, म्हणून मी पुन्हा मारून घेतला आणि गोदामात परत गेले. समितीच्या निकालाला अजून वीस दिवस आहेत.