नाकाखालचे धुके

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे, पण माझ्यात पाहून कुणी कधी केस विंचरले नाहीत. उत्तर फिनलंडमधल्या एका छोट्या कारखान्यात माझी काच कापली गेली, तिला बर्चच्या लाकडाची मूठ बसली, आणि बाजारात हिल्क्काने मला उचलले. ती शाळांमधली वाचाउपचारतज्ज्ञ होती. चार गावांच्या चार शाळा आणि ही एकटी. मला लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ती बर्फातून गाडी हाकायची. बसायला खोली अशी कुठेच नव्हती. एका शाळेत स्की ठेवायची अडगळीची खोली, दुसरीत बॉयलरशेजारचा कोपरा.

माझे काम जिभा दाखवण्याचे. 'र'साठी धडपडणाऱ्या, 'स' म्हणताना दातांमधून डोकावणाऱ्या. आपल्याच तोंडात एवढे काय काय चालते हे पाहून मुले चकित होत. मीही होई.

१९८७च्या हिवाळ्यात स्कींच्या खोलीत इलोना आली. वय आठ, मान खाली. सोबत तिचे आजोबा, वैनो. तिथे आजोबांना 'पाप्पा' म्हणतात आणि आजीला 'माम्मा'. इलोनाच्या तोंडून मात्र आजोबांसाठीही 'माम्मा'च निघायचे, आणि वर्ग हसायचा. शेवटी तिने शाळेत आपल्या नावापलीकडे बोलणेच सोडले. विचारले तिला, तरी उत्तर आजोबाच देत. तिला पुढच्या वर्षी दूरच्या शहरातल्या वेगळ्या शाळेत ठेवावे, असे तिच्या वर्गशिक्षकांनी, रायमो सरांनी, लिहून दिले होते. म्हणजे घर सुटणार, आजोबा सुटणार.

"स्वतःचं नाव ती अगदी स्वच्छ सांगते," सर हिल्क्काला म्हणाले. "मग बाकीचं का नाही? आळस आहे, दुसरं काही नाही."

पण नावच तेवढे स्वच्छ का, हे हिल्क्काच्या डोक्यातून जाईना. तिने कागदावर लिहिले, इ-लो-ना, आणि एकेक अक्षर स्वतःशी म्हणून पाहिले. मग मला मोज्यातून काढून तिने खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवले. मी चांगलाच गारठलो. थंडगार असतानाच तिने मला इलोनाच्या नाकाखाली आडवे धरले आणि 'माम्मा' म्हणायला सांगितले.

माझ्यावर धुके आले. त्यात नवल नाही. 'म' म्हणताना हवा नाकातून जातेच. तुम्हीही गार आरशावर करून पाहा. 'प' म्हणताना मात्र ती वाट आतून बंद होते.

हिल्क्काने मला पुसले. "आता म्हण, पाप्पा."

पुन्हा धुके. तितकेच दाट.

इलोना वाकून माझ्याकडे पाहू लागली. 'हे मी केलं का?' असे तिने खुणेने विचारले.

"तुझ्या हवेनं केलं," हिल्क्का म्हणाली. "टाळूच्या मागे एक दार असतं. तुझं लागत नाहीये. तू आळशी नाहीस."

तिने बॅटरी लावून घशात पाहिले. पडजीभ दोन टोकांची होती, आणि तीच खूण होती. वरून टाळू धड दिसत होता, पण कातडीखालचे स्नायू जन्मापासून जुळलेच नव्हते. इलोना या नावात ते दार घट्ट लावायला लागेल असे अक्षर नाही, एवढीच त्या स्वच्छपणाची गोष्ट.

वैनो आजोबा टोपी हातात घेऊन उभे होते. "आठ वर्षं तिच्या वाटचं मीच बोललो," ते म्हणाले. "मीच तिला बोलू दिलं नाही का?"

"तुम्ही तिला एकटं पडू दिलं नाहीत," हिल्क्का म्हणाली. "आता मात्र थांबायला शिका."

मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पण दार दुरुस्त झाले म्हणून जुनी सवय लगेच जाते थोडीच! दर मंगळवारी मी कठड्यावर गारठत होतो आणि आज किती धुके येते याची मलाच उत्सुकता असे. कधी निम्मे, कधी परत पहिल्यासारखे. एकदा तर इलोनाने मला उलटे करून ठेवले आणि ती रडली. हिल्क्का तिच्याशेजारी येऊन बसली.

शरद ऋतूत एका मंगळवारी ती 'पाप्पा' म्हणाली आणि मी कोरडा राहिलो. आजोबा आनंदाने काही बोलू लागले, तशी ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "पाप्पा, तू मध्ये बोलू नकोस. माझं संपलं नाहीये."

आजोबा गप्प बसले. इतक्या आनंदाने गप्प बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. रायमो सरांनी आपला कागद शस्त्रक्रिया ठरली तेव्हाच मागे घेतला होता; आता खोलीत येऊन त्यांनी इलोनाला स्वतः सांगितले, "चूक माझी होती."

हिल्क्का कधीच निवृत्त झाली. नव्या बाईंकडे नवी यंत्रे आहेत. मी खणात असतो, कडेचा पारा उडाला आहे. त्याचे दुःख थोडे आहे, फार नाही. मित्रांनो, काचेवरचा डाग पुसता येतो, पण हसून गप्प केलेले मूल पुन्हा बोलायला फार वेळ लागतो. कुणाचे बोलणे कळले नाही, तर हे असे का होत असेल, एवढा विचार करा. आणि त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्या.