दहा अँपिअरचा लाल

मी दहा अँपिअरचा फ्यूज बोलतोय. लाल, नखाएवढा, आणि आता मधोमध तुटलेला. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. मी चिडलोय.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जस्ताची बारीक पट्टी, तिच्यावर लाल प्लास्टिकचं टोपरं, झालो मी तयार. टोपरं आरपार दिसणारं असतं, म्हणजे पट्टी तुटली की कुणालाही कळावं. आमच्या खेपेतले काही भाऊ तिथंच मुद्दाम जाळून पाहिले. ते वेळेवर जळले म्हणून आम्ही बाकीचे पास झालो. झेपेल त्याहून फार जास्त वीज आली की माझी पट्टी वितळते, वीज थांबते आणि वायर वाचते. मला एवढंच येतं, पण नीट येतं.

मला एका छोट्या गाडीत, ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढच्या डब्यात बसवलं. एका बाजूला वायपरचा फ्यूज, दुसऱ्या बाजूला हॉर्नचा. माझ्याकडे धुक्यातले दिवे, म्हणजे फॉग लाइट. डब्याच्या झाकणावर आतून तसं छापलेलं आहे: फॉग लाइट, दहा. सहा वर्षांत ते कुणी वाचलं नाही.

गाडी एका नर्सची. घरात तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती डायलिसिसच्या वॉर्डात आहे. सकाळी सहाला पहिले पेशंट येतात आणि ताई उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांची शीर चाचपते. तिची सुई एका टोचण्यात लागते, म्हणून म्हातारी माणसं तिच्यासाठी अडून बसतात. तिचा रस्ता तळ्याकाठून जातो. थंडीत तिथं धुकं असं बसतं की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही.

"ताई, तुझ्या दिव्यांना बघून पतंगसुद्धा फिरकत नाहीत," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "मी बदलून देतो."

प्रेमानंच म्हणाला, हे मला मान्य आहे. पस्तीस वॅटच्या बल्बांऐवजी त्यानं शंभरचे आणले आणि गाडी नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादनं फक्त बल्ब बदलले. वायर तीच बारीक, बटणही तेच. दिवे लागले आणि माझ्यातून सतरा अँपिअर धावले. काही क्षणांत मी तुटलो.

"उडाला," उस्ताद म्हणाला.

"मग आता?"

"काही नाही हो, फ्यूज हलका आहे. तीसचा टाकतो. जन्मात उडायचा नाही."

उडाला! जणू मी हातातलं काम टाकून पळालो. अरे, मी ते काम केलं म्हणून तुटलो. एका माणसानं तरी विचारायचं होतं की हा का तुटला. विचारलं असतं तर कळलं असतं की वायर दहाची आहे आणि तुम्ही तिच्या डोक्यावर सतराचा बोजा देताय. पण दिवे लागले होते ना, मग झालं. या 'मग झालं'चा मला मनापासून संताप येतो.

माझ्या जागी हिरवा, तीसचा फ्यूज बसला. मला गिअरजवळच्या खणात, पार्किंगच्या चिठ्ठ्यांत फेकलं. हिरव्यावर माझा राग नाही. त्याला तीसच्या हिशेबानं जळायला शिकवलंय. सतरा अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नव्हते.

चौथ्या दिवशी ताई म्हणाली, "गाडीत कसला वास येतोय रे?"

"नवीन आहे ना, जाईल. उजेड बघ की काय पडतोय."

"उजेड चांगला आहे. वास वाईट आहे."

"तुला दवाखाना सोडून सगळेच वास वाईट वाटतात."

ती हसली. मी खणात पडल्या पडल्या तडफडलो.

नवव्या दिवशी सकाळी, तळ्याकाठी, स्टिअरिंगखालून धूर आला. ताईनं बटण दाबलं, पण ते वितळून आत चिकटलं होतं. गाडी कडेला घेऊन तिनं चावी काढली, तरी दिवे जळतच राहिले. तिनं डब्याचं झाकण उघडलं, मोबाइलच्या उजेडात वाचलं, आणि त्याच दोन बोटांनी तापलेला हिरवा फ्यूज उपसला. धूर थांबला. प्लास्टिक मात्र कातडीला चिकटून आलं.

मग गाडी एका वायरिंगवाल्या बाईंकडे गेली. त्यांनी काळी पडलेली वायर ओढून भावासमोर धरली.

"दोनशे वॅट भागिले बारा व्होल्ट. शाळेत होतं ना हे?"

"पण मावशी, आधी फ्यूज सारखा उडत होता."

"सारखा? किती वेळा?"

"एकदा."

"मग त्याला विचारलंत का, का बाबा?"

मावशींनी शंभरचे बल्ब त्याच्या हातात दिले. "हे धुक्याला नुसतं पांढरं करतील आणि समोरच्याला आंधळं." त्यांनी पंचावन्नचे लावले, तेही खाली झुकवून. बॅटरीपासून जाड वायर घेतली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर पंधराचा फ्यूज बसवला. मधे रिले टाकला, म्हणजे जड वीज तो उचलणार आणि बटणानं फक्त हुकूम द्यायचा. वायर जिथून आत जाते त्या पत्र्याच्या भोकाला रबरी कडं लावलं. दुपार गेली त्यात. एका दुपारचं तर काम होतं.

हल्ली भाऊच ताईला सोडायला जातो. मी अजून खणात आहे. काल त्यानं विचारलं, "बोटं कशी आहेत?"

"जखम भरलीय. पण शीर लागत नाही हाताला. वॉर्डातल्या एका आजोबांना तीनदा टोचलं काल. ते म्हणाले, राहू दे पोरी, दुसऱ्या कुणाला बोलाव."

भावानं दवाखान्यापाशी गाडी थांबवली.

मग मीच सांगतो. मला जळायला एक क्षण लागतो आणि दुखत नाही. जळण्यासाठीच मला बनवलंय. तुम्ही माझं जळणं माझ्याकडून काढून घेतलंत आणि तिच्या बोटांना दिलंत.